मीटरचा कोट

"या हिवाळ्यात आपल्या घरचं पाण्याचं मीटर गोठलं, तर तक ग्वान्सू हे नाव लावणार नाही!"

मुळ्याच्या सूपमध्ये चमचा आपटत ग्वान्सूंनी ही प्रतिज्ञा केली. समोर त्यांची बायको योनोक किमचीचं पान कात्रीने कापत होती. तिने मान वर केली नाही.

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात. मग सध्या कुठलं नाव लावता?"

ग्वान्सू म्हणजे बस डेपोत उभा जन्म काढलेला माणूस. उणे वीस तापमानात थंडगार पडलेली इंजिनं याच माणसाने नुसत्या शिव्या देऊन सुरू केलेली. आणि असल्या माणसाच्या घरचं टीचभर मीटर गेल्या जानेवारीत फुटलं! संपूर्ण गॅलरीत एकट्या त्यांचंच! पाणी गॅलरीभर वाहिलं आणि तिथल्या तिथे गोठलं. दूधवाला दारापासून जिन्यापर्यंत बसूनच गेला. योनोकला शेजारच्या हामबाईंकडून बादल्या भरून आणाव्या लागल्या, आणि हामबाई प्रत्येक बादलीबरोबर एक वाक्य फुकट द्यायच्या. "आमचं नाही बाई कधी गोठत! आमचे हे न सांगता सगळं करून ठेवतात."

ते वाक्य योनोकच्या जिव्हारी लागलं होतं.

"पण मी रजई कोंबली होती पेटीत!" ग्वान्सू आजही म्हणाले. "आख्खी रजई! माझ्या हातांनी!"

"रजई!" योनोक म्हणाली. "दुरुस्तीचा माणूस आला तेव्हा त्याने दाखवली ती पेटी मी उघडली. तुम्ही तेव्हा लाजेने बहिणीकडे जाऊन बसला होतात. पेटीत रजई सोडा, साधा पायमोजाही नव्हता."

"म्हणजे चोरली कुणीतरी!"

"हो ना. चोर बिचारा सोनंनाणं सोडून रजई शोधत हिंडत होता."

या रजईवरून त्या घरात वर्षभर वाद चालला होता. ग्वान्सूंचं दुर्दैव असं, की ते अगदी खरं बोलत होते. रजई त्यांनी कोंबली होती. माणूस खरं बोलतो आणि बायको हसते, यासारखा अपमान नाही. म्हणून यंदा त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. पेटीत असं काही कोंबायचं की थंडीच्या बापाची टाप नाही आत शिरायची. आणि वरून चिकटपट्टी अशी मारायची की चोराची नखं तुटावीत.

बुधवारी सकाळी दोघांच्याही फोनवर सरकारी इशारा ठणाणला. उद्यापासून वोंजू शहरात कडाक्याची लाट, मीटर झाका, नळ ठिबकता ठेवा. योनोक टॉवेल आणि साबणाची टोपली घेऊन सार्वजनिक न्हाणीघरात निघाली होती. शनिवारी त्यांच्या लेकीच्या, सेरिनच्या, होणाऱ्या सासू-सासऱ्यांशी पहिली भेट. दोन्ही घरं हॉटेलात समोरासमोर बसून जेवणार. त्यासाठी आजपासूनच अंग घासून घ्यायला हवं, असं तिचं म्हणणं.

"जुने कपडे शोधा आणि मीटर गुंडाळून टाका," ती दारातून म्हणाली. "आणि नीट हं! शनिवारी मला बादल्या उचलून लाल झालेले हात घेऊन विहीणबाईंसमोर बसायचं नाहीये."

"तू नुसती न्हाऊन ये!" ग्वान्सू म्हणाले.

ती गेली आणि त्यांनी कपाट उघडलं. जुने कपडे! पण घरात जुने कपडे होतेच कुठे? शरद ऋतूत योनोकने झाडून सगळे इमारतीखालच्या, जुने कपडे दान करायच्या पेटीत नेऊन ओतले होते. ग्वान्सूंनी हँगर सरकवले, पुन्हा सरकवले, आणि अगदी कोपऱ्यात, भिंतीला टेकून, त्यांना तो दिसला.

मेंढीच्या कातड्याचा तपकिरी कोट. 'मुस्तांग' म्हणायचे त्याला त्या काळात, आणि ज्या घरात मुस्तांग आला त्या घराकडे शेजारी मान वळवून बघायचे. आतून बोटभर लोकर, वरून धोब्याचं पारदर्शक प्लास्टिक. हा कोट बायकोच्या अंगावर शेवटचा कधी पाहिला ते ग्वान्सूंना आठवेना. मुळात तो घरात आला कसा तेही आठवेना. माणूस म्हणतो, अडगळ आहे.

"लोकरीपेक्षा उबदार काय असणार?" ते स्वतःलाच म्हणाले. "आणि वरून प्लास्टिक! ओलसुद्धा लागणार नाही! वा ग्वान्सू, वा!"

त्यांची इमारत जुनी, चाळीसारख्या लांब गॅलरीची. प्रत्येक दोन दारांच्या मधल्या भिंतीत दोन छोट्या लोखंडी पेट्या, एकेका घराच्या मीटरची एकेक. वरचे आकडे कधीच हिरव्या रंगाखाली गेले होते. पण आकडे हवेत कशाला? आपल्या दाराला लागून असते ती आपली पेटी, हे कुणाही शहाण्या माणसाला कळतं. ग्वान्सूंनी आपल्या दाराला लागून असलेली पेटी उघडली, कोटाची घडी घालून मीटरभोवती प्रेमाने गुंडाळली, दार लावलं आणि वर चिकटपट्टीची फुली मारली.

गालांना लाली चढलेली योनोक परत आली तेव्हा ते पाय पसरून टीव्ही बघत होते.

"केलंत?"

"राजाच्या राणीला मिळत नाही अशी ऊब दिलीय मीटरला."

गुरुवारी सकाळी सूप ओरपता ओरपता योनोक जरा लाजल्यासारखी म्हणाली, "अहो, शनिवारी मी काय घालू ते ठरलं बरं का."

"काहीही घाल. तुला सगळं शोभतं," ग्वान्सू उदारपणे म्हणाले.

"तो तपकिरी कोट घालणार आहे. मुस्तांग. सेरिन म्हणाली, आई, परत फॅशनमध्ये आलेत ते, तरुण मुली शोधत फिरतात. इतकी वर्षं जपला त्याचं सार्थक झालं बघा."

ग्वान्सूंच्या घशात मुळ्याची फोड आडवी झाली.

"कु... कुठला कोट?"

"अहो, कुठला म्हणजे? तुम्ही दिलेला! लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. पहिला बोनस हातात आला आणि तुम्ही डेपोतून थेट बाजारात गेलात. घरी आलात तेव्हा कोट कागदात गुंडाळलेला आणि तुम्ही स्वतः नुसत्या स्वेटरवर काकडत होतात. मी रागावले, तर म्हणालात, तुला थंडी वाजायला नको." तिने चमचा खाली ठेवला. "त्याचं दुसरं बटण तुटलं तेव्हा मी तुमच्या डेपोच्या कोटाचं पितळी बटण लावलं. बसचं चाक कोरलेलं. आठवतंय ना?"

"म्हणजे काय! आठवतंय तर!" ग्वान्सू म्हणाले. आणि खरोखरच आठवलं हो! दुकानदाराचं टक्कल, दोरी बांधलेला कागद, दार उघडल्यावरचा तिचा चेहरा, सगळं एका झटक्यात आठवलं. आयुष्यात बायकोला आपणहून दिलेली एकच वस्तू, आणि ती आपण पाण्याच्या नळाला गुंडाळून आलो!

"जरा... जरा मीटर बघून येतो," असं म्हणून ते पायात एक चप्पल तिची, एक आपली अडकवून बाहेर धावले.

चिकटपट्टीची फुली सुटलेली होती. त्यांनी पेटी उघडली. आत मीटर उघडंनागडं, कुडकुडत बसलेलं. कोटाचा पत्ता नाही!

"चोर!" ग्वान्सू ओरडणार, एवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि हामबाई बाहेर आल्या. नुसत्या आल्या नाहीत, अवतरल्या! अंगात तपकिरी मुस्तांग, ओठांना लाली, एक हात कमरेवर. मागे त्यांचे यजमान सोकभाऊ कचऱ्याची पिशवी घेऊन उभे. चेहरा परीक्षेत चुकून पहिला आलेल्या मुलासारखा.

"भाऊजी, बघा तरी!" हामबाई गर्रकन फिरल्या. "आमच्या ह्यांनी दिला! न सांगता! पार्सलवाला मीटरच्या पेटीतच पार्सल ठेवून जातो ना, काल ते आलंय का बघायला पेटी उघडली, तर आत हा! धोब्याकडून आणून, प्लास्टिक घालून, लपवून ठेवलेला! मी विचारलं, हे काय हो, तर नुसते हसले. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला मोज्यांची जोडी दिली नव्हती हो!"

बोलता बोलता बाईंचे डोळे भरून आले.

"आणि हे बटण बघा. एकच वेगळं, पितळी. मुद्दाम असतं असं. परदेशी फॅशन आहे."

ग्वान्सूंनी बसच्या चाकाकडे पाहिलं. बसचं चाक त्यांच्याकडे पाहत होतं.

"छान... छान आहे," ते म्हणाले. "पण वहिनी, ही पेटी तर आमची ना? आमच्या दाराजवळची?"

"अहो, इथे राहायला येऊन दुसरा हिवाळा तुमचा, आणि एवढंही माहीत नाही? पेट्या उलट्या आहेत! बांधणाऱ्या मुकादमाची कृपा! तुमच्या दाराजवळची आमची, आमच्या दाराजवळची तुमची. गेल्या वर्षीही ह्यांनी याच पेटीत न सांगता केवढी जाड रजई घातली होती. निळ्या फुलांची."

निळ्या फुलांची! ग्वान्सू भिंतीला टेकले. म्हणजे त्यांची रजई चोरीला गेलीच नव्हती. ती आख्खा हिवाळा शेजारच्यांचं मीटर शेकत बसली होती, आणि इकडे त्यांचं स्वतःचं मीटर थंडीने फुटून मेलं!

हामबाई गॅलरीच्या टोकापर्यंत कोट मिरवायला गेल्या. ग्वान्सूंनी सोकभाऊंचा दंड धरला आणि त्यांना जिन्यात ओढलं.

"कोट माझ्या बायकोचा आहे!"

"देवा!" सोकभाऊ पायरीवर बसले. "तरी म्हटलं, मी कधी घेतला! भाऊ, मी खोटं बोललो नाही हो. मी बोललोच नाही! तिने विचारलं, मी हसलो. नवऱ्याने हसूही नये का?"

"आणि रजई?"

"मला वाटलं तिने ठेवली. तिला वाटलं मी ठेवली. ती माझ्याशी गोड वागायला लागली, मी म्हटलं चाललंय तर चालू दे."

"ते काही नाही. कोट परत द्या."

"कसा देऊ?" सोकभाऊ रडकुंडीला आले. "काल रात्री तिने माझ्यासाठी बैलाच्या हाडांचं सूप चढवलं. माशाचा मधला तुकडा माझ्या भातावर ठेवला. मधला! इतकी वर्षं मी शेपटी खाल्लीय, भाऊ! आता जाऊन सांगू, की कोट शेजाऱ्यांचा आहे आणि रजईसुद्धा?"

ग्वान्सूंनाही दया आली. पण शनिवार? शेवटी त्या थंडगार जिन्यात दोन म्हाताऱ्यांनी कट शिजवला. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो असं म्हणून सोकभाऊ तो धोब्याकडे न्यायचं निमित्त करणार, शनिवारी सकाळी ग्वान्सूंच्या हातात देणार. शनिवारी जेवणं उरकली की कोट परत सोकभाऊंकडे. पुढचं पुढे बघू.

एक प्रश्न मात्र उरला. थंडीची लाट त्याच संध्याकाळी येणार होती, आणि ग्वान्सूंची खरी पेटी, हामबाईंच्या दाराजवळची, उघडी पडली होती. आता तिच्यात काय कोंबायचं? बायकोकडे जुने कपडे मागावेत, तर ती विचारणार, कालची राणीची ऊब कुठे गेली? ग्वान्सूंनी चोरपावलांनी घरात जाऊन स्वतःच्या आतल्या उबदार कपड्यांचा जोड आणला. पेटी अर्धीही भरली नाही. मग मफलर आणला. मग लोकरीची टोपी. तरी फट राहिलीच. शेवटी त्यांनी अंगातला गुडघ्यापर्यंतचा, पिसं भरलेला कोट काढला, डोळे मिटले आणि तो आत ढकलला.

"अहो, तुमचा मोठा कोट कुठे?" संध्याकाळी योनोकने विचारलं.

"धोब्याकडे."

"अगंबाई. सगळी गल्लीच धोब्याकडे धावतेय वाटतं," योनोक म्हणाली आणि नळ ठिबकता ठेवायला आत गेली. त्या बोलण्याचा अर्थ ग्वान्सूंच्या डोक्यावरून गेला.

शनिवारी सकाळी ठरल्याप्रमाणे कोट आला. योनोक केस विंचरत होती तेवढ्यात ग्वान्सूंनी तो कपाटाच्या कोपऱ्यात टांगला आणि सुटकेचा असा सुस्कारा सोडला, की आरशावर वाफ धरली.

"अगं, तुझा मुस्तांग घे बरं का!" त्यांनी मोठ्या ऐटीत हाक मारली.

योनोकने कोट काढला. प्लास्टिक बाजूला केलं, बटणावरून बोट फिरवलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि कोट अंगात घातला. खरं सांगायचं, तर ती फार सुरेख दिसत होती. ग्वान्सूंना अपराधी वाटायला हवं होतं, पण आधी ते नुसते बघतच राहिले.

दार उघडून दोघं बाहेर पडली, आणि समोर हामबाई!

बाईंची नजर कोटावर पडली. सोकभाऊंनी मागच्या मागे दाराची कडी घट्ट धरली. ग्वान्सूंना वाटलं, आता गॅलरीचा कठडा ओलांडून खाली उडी मारलेली बरी, तिसराच तर मजला आहे!

"अय्या! योनोकताई! हा तर अगदी माझ्यासारखाच!"

योनोकने सावकाश हातातली पर्स वर घेतली आणि छातीशी धरली. बरोब्बर दुसऱ्या बटणावर.

"हो ना," ती शांतपणे म्हणाली. "आमच्या ह्यांनी दिला होता, लग्नानंतर लगेच. तुमच्याही ह्यांना अगदी तसाच सुचला बघा. शेजारी शेजारी राहून पुरुषांची डोकीसुद्धा एकसारखी चालायला लागतात. तुमचा कुठे आहे?"

"धोब्याकडे दिलाय ह्यांनी. किती करतात हो माझं!"

"दिसतंय ना," योनोक म्हणाली, आणि तिने दोघाही पुरुषांकडे असं पाहिलं, की सोकभाऊ आत पळाले. ग्वान्सूंना पळायला जागा नव्हती.

हॉटेलात सगळं सुरळीत झालं. विहीणबाईंनी कोटाच्या बाहीवरून हात फिरवून दोनदा स्तुती केली. व्याह्यांनी ग्वान्सूंची केली. "या थंडीत नुसत्या सुटात आलात! किती काटक हो तुम्ही!" ग्वान्सूंनी निळ्या पडलेल्या ओठांनी स्मित केलं. दात वाजत होते म्हणून त्यांनी तोंड उघडलंच नाही, आणि त्यामुळे सेरिनच्या सासरी त्यांची गंभीर, विचारी माणूस अशी ख्याती झाली.

परतताना बसमध्ये योनोक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गुरुवारीच कळलं मला. तुम्ही बाहेर धावलात आणि मी कपाट उघडलं. मग गॅलरीत डोकावले, तर हामबाई माझं बटण सगळ्यांना दाखवत होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, तुम्ही काय करता ते." ती खिडकीकडून नवऱ्याकडे वळली. "कोट गुंडाळलात त्याचा राग नाही आला मला. तो कोट आहे हे तुम्हाला आठवलंच नाही, त्याचा आला."

ग्वान्सूंनी मान खाली घातली.

घरी येऊन त्यांनी आधी नळ उघडला. धो धो पाणी! ग्वान्सूंची मान लगेच वर आली. "बघ! बघ! गोठलं का आपलं मीटर? सांग, गोठलं का?"

एवढ्यात बेल वाजली. दारात हामबाई, हातात बादली, चेहरा पडलेला.

"योनोकताई, एक बादली पाणी देता? आमचं मीटर फुटलं हो! यंदा ह्यांनी काही गुंडाळलंच नाही! कोटाच्या नादात विसरले असतील."

पुढची पाच मिनिटं योनोकच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची असावीत. तिने बादली घेतली. नळ अगदी बारीक सोडला. बादली भरेपर्यंत ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग ते वाक्य, वर्षभर जपून ठेवलेलं, तिने हळूच काढलं.

"आमचं नाही बाई गोठत. आमचे हे न सांगता सगळं करून ठेवतात."

मग तिने बादली ग्वान्सूंच्या हातात दिली आणि आवाज मऊ करून म्हणाली, "लागेल तेवढं न्या. आणि बादल्या तुम्ही नका उचलू. आमचे हे आणून देतील."

हामबाई गेल्यावर तिने कोट काढला, पुन्हा प्लास्टिकमध्ये घातला आणि ग्वान्सूंच्या दुसऱ्या हातात दिला.

"हा सोकभाऊंना द्या गुपचूप. म्हणावं, धोब्याकडून आला."

"अगं, पण हा तुझा..."

"तिला तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा काही दिलंय. ते मी कसं काढून घेऊ? ती हा कधी मीटरला गुंडाळू देणार नाही. मला तुम्ही नवा घ्या. आणि यावेळी लक्षात ठेवा."

"घेतो! सोमवारीच जाऊ!" ग्वान्सू म्हणाले. एका हातात बादली, दुसऱ्या हातात कोट, अंगात नुसता सूट. बाहेर वारा गॅलरीत शिट्ट्या घालत होता. "आणि माझा पिसांचा तेवढा काढून घेतो आता पेटीतून."

"खबरदार!" योनोक म्हणाली. "पुढचा आठवडाभर लाट आहे. पेटीला हात लावायचा नाही."

"मग मी काय घालू?"

"सोमवारी दोन कोट घेऊ ना. एक मला आणि एक मीटरला."

"आणि मला?"

"तुम्हाला काय," योनोक दार लावता लावता म्हणाली, "मीटरचा जुना होईल!"